प्रतिकृतीवरील ऊन-सावली

खेळणे आणि प्रतिकृती ह्यांत भेद कोणता, असा प्रश्न कोणी केला तर बहुधा असे उत्तर येईल की, खेळणे ओबडधोबड असते आणि प्रतिकृती मापाबरहुकूम असते. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. मापाबरहुकूम घडविलेली वस्तूही पुष्कळदा खेळण्यासारखीच दिसते, आणि ती तशी का दिसते हे प्रथमदर्शनी उमगत नाही. लांबी-रुंदी बरोबर, चाकांची संख्या बरोबर, तोफेची नळी बरोबर, रंगही मूळ रंगाशी ताडून घेतलेला. आणि तरीही टेबलावर मांडलेला तो रणगाडा रणगाडा वाटत नाही, साबणाच्या वडीसारखा हलका आणि गुळगुळीत वाटतो. ह्या उणिवेचे मूळ मापात नसून उजेडात आहे. वस्तू लहान करता येते. तिच्यावर पडणारा उजेड त्याच प्रमाणात लहान करता येत नाही. ही तूट कुंचल्याने कशी भरून काढतात, आणि ती भरून काढताना खऱ्याखोट्याची मर्यादा कोठे पाळावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुण्यातील घरांना हा विषय अगदीच परका नाही. दिवाळीत वाड्यांच्या अंगणात, आणि आता इमारतींच्या आवारात, दगड, माती, विटा आणि गोणपाट ह्यांचा किल्ला उभा राहतो; त्याच्या उतारावर अळीव पेरतात; आणि त्यावर मांडावयास मातीची चित्रे आणतात. ह्या चित्रांतील मावळ्याचे पागोटे तांबडे असते, अंगरखा पांढरा असतो, ढाल काळी असते. प्रत्येक भागाला एका रंगाचा एक सपाट हात दिलेला असतो. मुलाला तेवढे पुरते. कारण उरलेले सर्व त्याची कल्पना पुरविते.

ह्याच शहरात भाद्रपदाच्या अगोदर गणपतीच्या मूर्ती रंगविणाऱ्यांचे काम पाहावे. तेथे रीत निराळी असते. अंगाचा रंग एकवार लावून कारागीर थांबत नाही. सोंडेच्या वळणात, पोटाच्या वळीखाली, मांडी आणि पाट जेथे मिळतात त्या सांध्यात तो त्याच रंगाची गडद छटा फवारतो. गालावर आणि गंडस्थळावर उजळ छटा ठेवतो. आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी करतो. गडद छटेच्या ह्या कामाला कारखान्यात ‘शेडिंग’ असेच म्हणतात. शाडूची मूर्ती मुळातच गोलाईची असताना तिच्यावर पुन्हा गोलाई रंगविण्याचे कारण काय? कारण हेच की, मूर्ती मांडली जाते ती दिव्यांच्या झगमगाटात. सर्व बाजूंनी दिवे असले म्हणजे सावल्या पुसल्या जातात आणि गोलाई दिसेनाशी होते. कारागीर ती आगाऊच रंगात बांधून ठेवतो. रणगाड्याची प्रतिकृती रंगविणाऱ्याचा मार्ग हाच आहे. तो ह्याच मार्गाने आणखी पुष्कळ पुढे जातो, इतकेच.

आता रणगाड्याचाच विषय पुण्यात का काढावा, असे कोणी विचारील. लहान प्रतिकृतींची आवड ह्या शहरात आहेच. कोथरूड भागात भाऊ जोशी ह्यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून अनेकांनी पाहिले असेल. परंतु रणगाड्याशी पुण्याचे नाते आवडीपलीकडचे आहे. १८१७ साली, पेशवाईच्या अखेरच्या दिवसांत, ह्या शहराच्या नावाने एक घोडदळ उभे राहिले. तेच आजचे पूना हॉर्स. घोडे गेले, रणगाडे आले, नाव राहिले. ह्या रेजिमेंटच्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर बुर्झोरजी तारापोर; जन्म १९२३ साली मुंबईस, शिक्षण पुण्यातील सरदार दस्तूर शाळेत, आणि मृत्यू १६ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर. दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. त्यांचा जन्मच पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. १९७१ च्या जूनमध्ये ते सैन्यात अधिकारी झाले, आणि त्याच वर्षीच्या १६ डिसेंबरला, शकरगढ भागात बसंतर नदीपलीकडच्या लढाईत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या रणगाड्यातच पडले. रणगाड्याने पेट घेतल्यावर बाहेर पडण्याची आज्ञा झाली असता, तोफ अद्याप चालत आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

तो रणगाडा सेंच्युरियन जातीचा होता, आणि सायप्रस बेटावरील एका बंदराचे ‘फामागुस्ता’ हे नाव त्याला दिलेले होते. पुण्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर अहिल्यानगर येथे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, चिलखती दलाच्या केंद्रात तो जतन केलेला आहे. त्याच गावी १९९४ साली सुरू झालेले रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथे ब्रिटिश बनावटीचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि चर्चिल, जपानी बनावटीचे हलके रणगाडे, पाकिस्तानकडून हस्तगत केलेले पॅटन आणि आपल्याकडे तयार झालेला विजयंता, असे अनेक नमुने उघड्या हवेत उभे आहेत. तेव्हा पुण्यातील एखाद्या कारागिराच्या मनात सेंच्युरियनची प्रतिकृती करण्याचे आले, तर ते नुसते छंदाचे काम राहत नाही. त्या लोखंडी पेटीत कोणी बसले होते, हे त्याला ठाऊक असते.

आता आकड्यांकडे वळू. सेंच्युरियनचे धूड सुमारे २५ फूट लांब, ११ फूट रुंद आणि १० फूट उंच. वजन सुमारे ५१ टन. रणगाड्यांच्या प्रतिकृतींचे जगभर रूढ झालेले माप म्हणजे मूळ वस्तूच्या पस्तिसावा हिस्सा. पस्तीस हा आकडा कोणी शास्त्र पाहून ठरविलेला नाही. जपानमधील शिझुओका येथील तामिया ह्या कारखान्याने १९६० च्या सुमारास पँथर नावाच्या जर्मन रणगाड्याची चालती प्रतिकृती काढावयाचे ठरविले. आत मोटर आणि बॅटऱ्या मावतील एवढे धूड त्यांनी घेतले. पुढे हिशेब करून पाहता ते मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या आसपास भरले, आणि तेच माप पडले. ह्या मापाने सेंच्युरियनची रुंदी जेमतेम दहा सेंटिमीटर होते. लांबी-रुंदी-उंची प्रत्येकी पस्तीस पटीने घटली म्हणजे आकारमान पस्तीस गुणिले पस्तीस गुणिले पस्तीस, म्हणजे ४२,८७५ पटीने घटते. त्या हिशेबाने ५१ टनांचे सुमारे १२०० ग्रॅम व्हावयास हवेत. पण प्लॅस्टिकचा पोकळ सांगाडा त्या मानाने फारच हलका असतो. हाताला जे वजन मिळत नाही ते डोळ्याला द्यावयाचे, हे रंगविणाऱ्याचे पहिले कर्तव्य होय.

डोळ्याला वजन कशाने कळते? सावलीने. मोठ्या वस्तूचे माथे उजळलेले असते, पोट अंधारात असते, आणि ती जेथे जमिनीला टेकते तेथे अंधार सर्वांत दाट असतो. माळावर उभ्या असलेल्या खऱ्या रणगाड्यावर एकच सूर्य असतो आणि वर सर्वत्र आकाश असते. आकाशातील सूर्याचा व्यास डोळ्याशी अवघा अर्ध्या अंशाचा कोन करतो. म्हणून त्याची सावली धारदार पडते. उलट घरातील टेबलावर काय घडते ते पाहावे. भिंतीवर चार फुटांची विजेची नळी असते. रणगाडा पस्तीस पटीने लहान झाला, नळी झाली नाही. म्हणजे त्या चिमुकल्या रणगाड्याच्या दृष्टीने ती १४० फूट लांबीची आणि अगदी जवळ टांगलेली प्रकाशाची तुळई आहे. शिवाय पांढऱ्या भिंती उजेड परत फेकतात, टेबलावरचा स्वच्छ कपडा खालून उजेड फेकतो. बुरुजाखालची सावली धुऊन निघते, चाकांमधला काळोख करडा होतो, आणि पोलादाचे धूड हिरव्या पुठ्ठ्यासारखे दिसू लागते.

दुसरी अडचण द्रव्यांची. धूळ प्रमाणात लहान होत नाही. प्रतिकृतीवर बसलेला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा कण हा खऱ्या रणगाड्यावरील साडेतीन मिलिमीटरच्या खड्याएवढा भरतो. रंगाचा थरही लहान होत नाही. जाड हात दिला तर रिव्हेटांची डोकी आणि झाकणांच्या फटी त्याखाली बुजून जातात. म्हणून ह्या कामात एका जाड हाताऐवजी अनेक पातळ पुटे द्यावी लागतात. थरांची ही पद्धत केवळ हौस नव्हे. ती मापाची गरज आहे.

येथे एक चमत्कारिक विरोध लक्षात घेण्याजोगा आहे. खऱ्या रणगाड्याला रंग देतात तो आकार लपविण्यासाठी. अ‍ॅबट थेयर ह्या अमेरिकन चित्रकाराने १८९६ साली असे दाखविले की, पुष्कळ प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकट असते. वरून पडणारा प्रकाश पाठ उजळतो आणि पोट अंधारात ठेवतो. जनावराचा रंग नेमका ह्याच्या उलट असल्याने दोन्ही एकमेकांस छेद देतात, आणि हरिण सपाट होऊन गवतात विरून जाते. दुसऱ्या महायुद्धात ही युक्ती शस्त्रांनाही लावली गेली. १९४४ साली नॉर्मंडीत ब्रिटिशांच्या फायरफ्लाय रणगाड्यांची लांब तोफ शत्रू हेरून टिपीत असे; म्हणून कित्येकांच्या नळीचा पुढचा भाग खालच्या बाजूने पांढरा रंगविला, की दुरून ती आखूड दिसावी. चित्रकाराने शोधलेला नियम अशा रीतीने तोफेच्या नळीवर आला.

प्रतिकृती रंगविणारा हाच नियम उलटा फिरवितो. तो माथे अधिक उजळ करतो आणि पोट अधिक गडद करतो. युद्धभूमीवर जो आकार लपवावयाचा, तोच टेबलावर प्रकट करावयाचा. कारण तेथे पाहणारा शत्रू होता, येथे पाहणारा स्मरण करणारा आहे. एवढा एक भेद ध्यानात राहिला तर पुढील सर्व कृती आपोआप समजते.

कृती अशी. सांगाडा जोडून झाला की सांध्यावरच्या रेघा बारीक कानशीने आणि काचकागदाने घासून काढतात, आणि साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवितात. हाताचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग अस्तर. कित्येक कारागीर सर्वत्र काळे अस्तर फवारतात, आणि ते वाळल्यावर केवळ वरून, सूर्य जणू माथ्यावर आहे अशा रीतीने, पांढरा फवारा सोडतात. हे होताच, हिरव्या रंगाचा एक थेंबही पडण्यापूर्वी, सांगाड्यावर ऊन-सावलीचा आराखडा उमटतो. ह्या अवस्थेतील प्रतिकृतीचे छायाचित्र काढून ठेवावे. पुढे वाट चुकली तर तेच वाट दाखविते.

त्यानंतर मूळ रंग. आपल्या सेंच्युरियनला ऑलिव्ह हिरवा हवा. तो एकच रंग न घेता त्याच्या चार-पाच छटा वाटीत तयार कराव्या लागतात. येथे नवशिक्याची हमखास चूक होते. उजळ करावयाचे म्हणून तो पांढरा मिसळतो, आणि हिरवा खडूसारखा मेलेला दिसतो. गडद करावयाचे म्हणून काळा मिसळतो, आणि हिरवा मळकट होतो. उन्हाचा रंग पांढरा नसतो आणि सावलीचा रंग काळा नसतो. उजळ छटेसाठी पिवडी किंवा फिकट वाळूचा रंग घालावा. गडद छटेसाठी तपकिरी आणि किंचित निळा. रंग पातळ ताकाइतका करावा आणि एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक फवाऱ्याने, थोडाथोडा सोडावा. सर्वांत गडद छटा चाकांच्या मागे, बाजूच्या पत्र्यांखाली आणि बुरुजाच्या बुडाशी. त्यावर मधली छटा. उभ्या पत्र्यावर खालून वर जाताना रंग उजळत जावा. आडव्या पत्र्यावर मध्य उजळ आणि कडा किंचित गडद. बुरुजाचे माथे आणि झाकणे सर्वांत उजळ. प्रत्येक पुट मागच्या पुटाला पूर्ण झाकीत नाही, खालचे थोडेसे दिसू देते. ह्या न झाकण्यातच सर्व मर्म आहे.

ह्यावर पारदर्शक व्हार्निशचा एक हात देऊन, तो वाळल्यावर धुवण करतात. तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ कालवून बारीक कुंचल्याने फटींत सोडला की तो आपोआप खाचांतून धावतो, आणि प्रत्येक झाकणाची, प्रत्येक खिळ्याची रेघ उमटते. मग तैलरंगांचे ठिपके. पांढरा, पिवडी, हिरमुजी, निळा, असे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके पत्र्यावर ठेवून टर्पेंटाइनने ओला केलेला कुंचला वरून खाली ओढीत न्यावा. ठिपके जवळजवळ नाहीसे होतात, पण मागे पावसाने आणि धुळीने रंग उतरल्याचा आभास राहतो. नंतर कोरडा कुंचला. त्यावर उजळ रंग घेऊन तो फडक्यावर पुसावा, आणि जो अंश उरेल तो कडांवरून हलकेच फिरवावा; कड तेवढी चमकते. साखळपट्ट्यांचा जो भाग जमिनीला घासतो तेथे पेन्सिलीचे शिसे बोटाने चोळावे. अखेरीस मातीची बारीक पूड. प्रत्येक टप्प्यामध्ये वाळण्यास पुरेसा वेळ द्यावा लागतो. तैलरंग तर एका रात्रीत वाळतीलच असे नाही. जो उतावळा आहे त्याने हे काम हाती घेऊ नये, अथवा उतावळेपणा घालविण्यासाठीच घ्यावे.

ह्या पद्धती एका दिवसात जन्मास आल्या नाहीत. धुवण आणि कोरडा कुंचला ह्यांचा प्रसार करण्यात बेल्जियमच्या फ्राँस्वा व्हर्लिंडन ह्यांचा मोठा वाटा, तो १९७० नंतरच्या दोन दशकांतला. पत्र्यापत्र्यावर छटा चढवीत नेण्याची जी रीत ‘कलर मॉड्युलेशन’ ह्या नावाने ओळखली जाते, ती ह्या शतकाच्या पहिल्या दशकात पसरली; स्पेनचे मिग हिमेनेझ आणि अमेरिकेचे अ‍ॅडम वाइल्डर ही नावे तिच्याशी निगडित आहेत. त्या काळापासून जाणत्या मंडळींत वादही सुरू आहे, आणि तो वाद दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

आक्षेप असा : रंगविलेला उजेड खोटा असतो. प्रतिकृती फिरविली तरी तिच्यावरचा उजेड फिरत नाही. खिडकी उजवीकडे आणि रंगातली उजळ बाजू डावीकडे, असे झाले तर डोळा गोंधळतो. शिवाय प्रत्येक पत्रा स्वतंत्रपणे उजळल्याने रणगाडा युद्धातला न वाटता नाटकाच्या पडद्यावरचा वाटू लागतो. आणखी खोलात शिरले तर भूगोलही आड येतो. शकरगढ सुमारे ३२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. १६ डिसेंबरला तेथे भर मध्यान्हीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३४ अंश वर येतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे दहा फूट उंचीच्या सेंच्युरियनची सावली तेथे ऐन दुपारी सुमारे पंधरा फूट लांब पडणार. मग माथ्यावरून सोडलेला तो पांढरा फवारा त्या दिवसाच्या सूर्याशी कसा जुळावा?

आक्षेप खरा आहे. पण त्याने पद्धत बाद होत नाही, तिची मर्यादा ठरते. उघड्यावर प्रकाश देणारे दोन असतात, सूर्य आणि आकाश. सूर्य ठिकाण बदलतो, आकाश बदलत नाही. ते सदैव वरच असते. म्हणून जो उजेड रंगात बांधावयाचा तो आकाशाचा बांधावा. वर उजळ, खाली गडद, ही गोष्ट सकाळी खरी, सायंकाळी खरी, पुण्यात खरी आणि शकरगढलाही खरी. एका बाजूने येणारे ऊन मात्र रंगवू नये. ते खिडकीवर सोपवावे. ह्याची परीक्षा सोपी आहे. प्रतिकृती खिडकीशी ठेवून चारही बाजूंनी फिरवावी. कोणत्याही बाजूने ती खोटी दिसली, तर त्या ठिकाणी हात अधिक पडला असे समजावे. उजेड दिसावा, पण रंग दिसू नये; ‘किती सुंदर छटा’ असे पाहणारा म्हणाला तर काम थोडे बिघडले, आणि ‘किती जड आहे’ असे म्हणाला तर साधले.

ह्याहून नाजूक प्रश्न पुढे येतो तो डागांचा. ऊन-सावली साधली की हाताला चटक लागते. कारागीर गंज चढवितो, रंगाचे पोपडे काढतो, काजळी फासतो. जितके भग्न तितके युद्धाचे, असे त्याला वाटते. वस्तुतः वापरातले रणगाडे असे नसतात. त्यांची देखभाल रोज होते. पोलादाच्या जाड पत्र्यावरचा रंग चार दिवसांत गंजाने झडत नाही. गंज चढतो तो तापणाऱ्या धूरनळीवर आणि साखळपट्ट्यांवर. चढउतार करताना जेथे बूट घासतात तेथे रंग झिजतो. नदीकाठची माती चाकांवर आणि पोटावर बसते, बुरुजावर फक्त धूळ जाते. प्रत्येक डागाला कारण असावे लागते. ज्याचे कारण सांगता येत नाही तो डाग पुसावा.

आणि फामागुस्ताच्या बाबतीत तर हा प्रश्न कौशल्याचाही राहत नाही. त्या रणगाड्याची कोणती घटिका रंगवावयाची? पेट घेतल्यानंतरची रंगविली, तर काजळी, भगदाड आणि ज्वाळा ह्यांत हात दाखविण्यास पुष्कळ वाव आहे; पण एका एकवीस वर्षांच्या तरुणाचा मृत्यू हा हातचलाखीचा विषय होतो. त्याच्या आधीची घटिका रंगविली, म्हणजे सुरुंगांनी भरलेली नदीकाठची जमीन ओलांडून आलेला, धुळीने माखलेला, पण अखंड असा रणगाडा, तर पाहणाऱ्याच्या मनात पुढची घटना आपोआप उभी राहते. पुढे काय झाले हे त्याला माहीत असते. रंगाने ते पुन्हा सांगण्याची गरज नसते. बुरुजाचे झाकण उघडे ठेवले आणि त्याच्या आत एक गडद छटा सोडली, तर तेवढ्या अंधारात सर्व काही येते. सावलीचा ह्याहून योग्य उपयोग नाही.

पुण्यातील ज्या घरांत अशी एखादी प्रतिकृती अर्धवट पडून असेल त्यांनी एक गोष्ट अवश्य करावी. रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एक दिवस अहिल्यानगरच्या संग्रहालयात घालवावा. सकाळी दहाला एका रणगाड्यासमोर उभे राहून त्याच्या सावल्या वहीत पेन्सिलीने टिपाव्यात. त्याच रणगाड्याकडे दुपारी आणि पुन्हा उन्हे कलताना परत यावे. काय बदलले आणि काय बदलले नाही, ते दोन रकान्यांत लिहावे. जे बदलले ते सूर्याचे. त्याला हात लावू नये. जे दिवसभर तसेच राहिले, म्हणजे माथ्याचा उजाळा, पोटाचा काळोख, झाकणाखालची रेघ, ते पोलादाचे आणि आकाशाचे. तेवढेच रंगात घ्यावे. असे केलेला दहा सेंटिमीटर रुंदीचा रणगाडा कपाटात ठेवला तरी ५१ टनांचा दिसतो. आणि घरातील मूल त्याला ‘गाडी’ म्हणून ढकलावयास न जाता, ह्याच्यात कोण बसले होते, असे विचारते.